फेडरल ट्रायल जजकडे इंटर्नशिप: खालच्या कोर्टात काय शिकायला मिळणार?

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. लेक अमेरिकेत लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे. येत्या उन्हाळ्यात तिला एका फेडरल डिस्ट्रिक्ट जजच्या चेंबरमध्ये इंटर्नशिप मिळाली आहे. बिनपगारी. ती तिकडे हवेत आहे आणि इकडे आमच्या ह्यांचं तोंड वाकडं. म्हणतात, "साक्षीपुरावे चालतात ते खालचंच कोर्ट. अपिलाचं नाही, सुप्रीम कोर्ट तर नाहीच. त्यापेक्षा फर्ममध्ये गेली असती तर चार पैसे सुटले असते."
मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. या जज लोकांचं तिकडे वजन किती असतं? नेमणूक कशी होते, काम काय करतात, आयुष्य कसं असतं? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं.

भेळभत्ता
अभिनंदन! पेढे कुरियरने पाठवा, पत्ता व्यनि करतो.

कज्जेदलाल
ताई, मी नागपूर खंडपीठात वकिली करतो. अमेरिकेत प्रॅक्टिस नाही, पण वाचन आहे, म्हणून लिहितो.
आपल्याकडे एकच उतरंड. तालुक्याचं कोर्ट, जिल्हा कोर्ट, हायकोर्ट, वर सुप्रीम कोर्ट. तिकडे दोन समांतर गाड्या चालतात. राज्यांची कोर्टं वेगळी, केंद्राची वेगळी. केंद्राच्या गाडीचा पहिला डबा म्हणजे ही फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टं. देशभरात ९४ आहेत. साक्षीदार उभे राहतात ते इथे, ज्युरी बसते ती इथे, शिक्षा सुनावली जाते तीही इथेच. वरच्या कोर्टात फक्त कागद आणि वकील.
आता वजनाचं. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेटची मंजुरी लागते, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या जजला लागते तीच प्रक्रिया. नेमणूक तहहयात. निवृत्तीचं वय नाही, पगार कमी करता येत नाही, बदली नाही. काढायचं तर महाभियोग, आणि आजवर महाभियोगात दोषी ठरून घरी गेलेले फेडरल जज फक्त ८. आमच्याकडचे जिल्हा न्यायाधीश तीन वर्षं झाली की बोचकं बांधून दुसऱ्या गावी. मुलांच्या शाळा, बायकोची नोकरी, सगळं विस्कटतं. तेव्हा "खालचं" कोर्ट हे खरं, पण खुर्ची दणकट आहे.

शिकागोची मावशी
ठाणेकरीण, तुमच्या ह्यांना सांगा, या "खालच्या" जजसमोरच आमच्यासारख्यांनी हात वर करून नागरिकत्वाची शपथ घेतली. शपथ झाल्यावर जजसाहेब खाली उतरले आणि प्रत्येक कुटुंबाबरोबर फोटो काढून घेतला. माझ्या सासूबाई नऊवारीत होत्या. त्यांच्याशी हात मिळवायला वाकले, तर सासूबाईंनी सवयीने नमस्कार केला, मग त्यांनीही हात जोडले.
पुढे ज्युरी ड्यूटीही आली. फेडरलमध्ये दिवसाला ५० डॉलर देतात, पार्किंगमध्येच अर्धे जातात. निवड झाली नाही, पण निवडीच्या वेळी जज प्रत्येकाला प्रश्न विचारत होते ते बघण्यासारखं होतं. एकाने टाळायला कारण काढलं, "मला पोलिसांचं सगळं खरंच वाटतं." जज शांतपणे म्हणाले, "सगळं? तुम्हाला कधी वेगाचं चलान मिळालं नाही?" पूर्ण हॉल हसला आणि तो माणूस ज्युरीत बसला.

तिरकस
तहहयात नोकरी, बदली नाही, कोणी जाब विचारणार नाही. हे कौतुकाचं कसं? आपल्याकडे असं केलं तर काय होईल याची कल्पनाही नको. जनतेने निवडून दिलेला जज काय वाईट?

हंट्सविलकर
तिरकस, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी राहतो त्या अलाबामात आहे. मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.
१९४० च्या सुमारास अलाबामा विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये दोन मित्र शिकत होते. फ्रँक जॉन्सन आणि जॉर्ज वॉलेस. पुढे दोघेही ट्रायल जज झाले. वॉलेस राज्याच्या सर्किट कोर्टावर, निवडणुकीतून. जॉन्सन फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टावर, १९५५ साली आयझेनहॉवर यांच्या नेमणुकीने. वय ३७.
वॉलेस सुरुवातीला वाईट जज नव्हता. त्याच्या कोर्टात कृष्णवर्णीय वकिलाला "मिस्टर" म्हणून हाक मिळायची, आणि त्या काळात तिथे ही लहान गोष्ट नव्हती. १९५८ ला तो गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि त्याच्यापेक्षा कडवट वंशवाद बोलणाऱ्या उमेदवाराकडून पडला. त्यातून त्याने जो धडा घ्यायचा तो घेतला. पुढचा वॉलेस, म्हणजे कडवा वंशभेदवादी गव्हर्नर, जगाला माहीत आहे.
लगेच संधीही आली. नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीचे कागद मागवले होते, सर्किट जज म्हणून ते वॉलेसच्या ताब्यात. देणार नाही म्हणाला. प्रकरण गेलं जुन्या मित्रासमोर. जॉन्सन यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की वॉलेस रात्री गुपचूप त्यांच्या घरी आला. थोडीशी कैद दे, मला राजकारणात उपयोग होईल, पण फार नको. जॉन्सन म्हणाले, कागद दिले नाहीस तर जमेल तेवढी देईन. वॉलेसने मग ग्रँड ज्युरीच्या (आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) आडून कागद पोचते केले आणि बाहेर छाती पुढे काढून सांगितलं की मी झुकलो नाही. जानेवारी १९५९ मध्ये जॉन्सन यांनी त्याला अवमानाच्या आरोपातून सोडलं, आणि निकालपत्रात लिहून टाकलं की याने कागद दिलेत, फक्त आडमार्गाने. हीरो व्हायला निघालेल्या माणसाची यापेक्षा मोठी शिक्षा कुठली? वॉलेस आयुष्यभर त्यांना शिव्या घालत राहिला. एकदा जाहीरपणे म्हणाला, या जजला काटेरी तारेचा एनिमा द्यायला हवा.
एकच कॉलेज, एकच राज्य. एकाला दर निवडणुकीला मतं हवी होती, दुसऱ्याला नको होती.

भेळभत्ता
काटेरी तारेचा एनिमा!! संध्याकाळचा चहा सांडला.

पर्णकुटी
छान लिहिलंय हंट्सविलकर. पण जॉन्सन यांचं नाव गाजलं ते कशाने?

हंट्सविलकर
पर्णकुटी, माँटगोमेरीच्या बसमुळे. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स सगळ्यांना ठाऊक असतात. पण बसमधला वंशभेद कायद्याने ज्या खटल्यात संपला, ब्राउडर विरुद्ध गेल, त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्या. चार जणी होत्या: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. कोल्विनला जागा सोडली नाही म्हणून अटक झाली ती मार्च १९५५ मध्ये, पार्क्स यांच्या नऊ महिने आधी. वय १५. वकील फ्रेड ग्रे, तेही पंचविशीतले.
मे १९५६ मध्ये साक्षी झाल्या. शहराचा वकील सिद्ध करू पाहत होता की या बायकांना कुणीतरी, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांनी, फूस लावली. तुमचा पुढारी कोण, असं त्याने कोल्विनला विचारलं. उत्तर आलं, "आमचे पुढारी आम्हीच." ट्रायल कोर्टाची गंमत ही. असं वाक्य अपिलाच्या कोर्टात कुणाच्या कानावर पडत नाही, तिथे ते छापील पानात पोचतं.
तीन जजांचं पीठ होतं. ५ जून १९५६ ला रिव्ह्ज आणि जॉन्सन एका बाजूला, लिन विरोधात. दोनास एक. जॉन्सन यांना खुर्चीवर बसून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल कायम केला आणि कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसवर टाकलेला ३८१ दिवसांचा बहिष्कार डिसेंबरात संपला.
किंमतही मोजली. धमकी म्हणून अंगणात क्रॉस जाळला गेला. ओळखीचे लोक रस्ता बदलायला लागले. वर्षानुवर्षं मार्शलांचा पहारा. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला. वडिलांचं आणि यांचं नाव एकच, फोनबुकात नाव बघून चुकीच्या घरी गेले. आई वाचल्या.

निवृत्त_शिरस्तेदार
रामशास्त्री प्रभुणे आठवले.

कज्जेदलाल
शिरस्तेदार काका, फरक एवढाच की रामशास्त्र्यांना राघोबाला सुनावल्यावर पुणं सोडावं लागलं. जॉन्सन यांना माँटगोमेरी सोडायला कोणी लावू शकत नव्हतं. मी वर बदलीचं रडगाणं गायलो ते याचसाठी.

तिरकस
म्हणजे तहहयात खुर्ची चांगल्या माणसाच्या हाती चांगली. त्याच पीठातला लिन नावाचा जजही तहहयातच होता ना? त्याने उलटं मत दिलंच की. खुर्चीने माणूस सुधारत नाही.
आणि तुमचे जॉन्सन काही देव नव्हते. टस्कीगी गावाची हद्द विधिमंडळाने चौकोनाची २८ बाजूंची आकृती करून अशी कापली की जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार बाहेर आणि एकही गोरा बाहेर नाही. ती केस याच जॉन्सनपुढे आली आणि यांनी फेटाळली. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाला ती उलटवावी लागली. सेल्माचंही तेच. मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी निघालेला मोर्चा ९ मार्च १९६५ ला थांबवायचा हुकूम यांचाच. किंग पुलावरून मागे फिरले आणि तरुण कार्यकर्ते किंगवर भडकले.

हंट्सविलकर
तिरकस, मुद्दे बरोबर आहेत. टस्कीगीच्या वेळी सुप्रीम कोर्टाचाच जुना निकाल आडवा होता की हद्दींच्या राजकारणात कोर्टाने पडायचं नाही. ट्रायल जज वरच्या निकालाला बांधलेला. कोणी म्हणेल त्यांनी वाट काढायला हवी होती. मलाही तसंच वाटतं.
सेल्माचं मात्र पूर्ण सांगा. ७ मार्चला पुलावर मारहाण झाली. जॉन्सन यांचं म्हणणं, आधी पुरावा ऐकतो, तोवर कोणी चालायचं नाही. मग काही दिवस सुनावणी चालली. टीव्हीवाल्यांनी काढलेली मारहाणीची फिल्म भर कोर्टात दाखवली गेली. १७ मार्चला निकाल: जेवढा अन्याय प्रचंड, तेवढा निषेधाचा हक्कही मोठा. पण हे लिहून थांबले नाहीत. हायवे ८० कुठे चार पदरी आहे, कुठे दोन पदरी, हे बघून ठरवलं की दोन पदरी भागात ३०० च्या वर माणसं चालणार नाहीत, चार पदरीवर कितीही. निकाल द्यायच्या आधी केंद्र सरकारकडून खात्री करून घेतली की हुकुमाची अंमलबजावणी होईल. हवेत हुकूम सोडायचा नाही, ही सवय त्यांना कायम होती.

कज्जेदलाल
इथे मला वकील म्हणून खरा रस आहे, कारण रस्त्याचे पदर मोजणारा जज आम्हाला रोज भेटत नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे वायट विरुद्ध स्टिकनी. टस्कलूसाच्या ब्राइस मनोरुग्णालयात पाच हजारांवर रुग्ण. पैसे कमी पडले म्हणून १९७० मध्ये कर्मचारी काढले. मूळ दावा नोकरी गेलेल्यांचा. त्यात रिकी वायट हा कोवळ्या वयाचा रुग्णही वादी. त्याची मावशी तिथली कर्मचारी. नोकरीचं भांडण बाजूला पडलं आणि प्रश्न उरला तो असा की उपचार करायचे नसतील तर माणसाला कोंडून ठेवायचा अधिकार सरकारला कुठून येतो?
मार्च १९७१ मध्ये जॉन्सन यांनी सांगितलं, उपचार मिळणं हा घटनात्मक हक्क आहे. सरकारला मुदत दिली. मुदत संपली, काही झालं नाही. मग १९७२ मध्ये निकालाला जोडलेलं परिशिष्ट वाचाच. आठ रुग्णांमागे एक संडास. पंधरा जणांमागे एक शॉवर किंवा टब. एका खोलीत सहाहून जास्त नाही, माणशी ८० चौरस फूट. नळाला येणारं गरम पाणी ११० अंश फॅरनहाइट. खोलीचं तापमान ६८ च्या खाली नाही आणि ८३ च्या वर नाही.

पर्णकुटी
मी प्रादेशिक मनोरुग्णालयात समुपदेशक म्हणून काम केलं आहे. गाव सांगत नाही. संडासाचा आकडा वाचून हसू नका कोणी. वॉर्डात सकाळी रांग लागते, ज्याला सांगता येत नाही तो रांगेतच बसून राहतो, मग त्याला "घाण करतो" म्हणून वेगळं ठेवतात आणि केसपेपरवर आजार बळावल्याची नोंद होते. आठामागे एक असा आकडा हुकुमात आला तर ती नोंदच बदलते. हे कुठल्या तरी जजने १९७२ मध्ये लिहून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं.

तिरकस
पर्णकुटी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण नळाच्या पाण्याचं तापमान ठरवणं जजचं काम? बजेट विधिमंडळाचं. उद्या जज म्हणेल पुण्यातल्या खड्ड्यांची खोली अमुक इंच.

निवृत्त_शिरस्तेदार
खड्ड्यांच्या खोलीचा हुकूम निघाला तर मी पेढे वाटीन.

कज्जेदलाल
काका +१.
तिरकस, तुमचा आक्षेप तिकडेही घेतला गेला, त्याच जोराने. वॉलेस तेव्हा गव्हर्नर, "जज राज्य चालवतो" हे त्याचं आवडतं भाषण. १९७६ मध्ये तुरुंगांबाबतही जॉन्सन यांनी असाच निकाल दिला, कैद्यामागे किमान ६० चौरस फूट कोठडी वगैरे. पण क्रम बघा. पहिल्या दिवशी कोणी तापमान लिहीत नाही. आधी हक्क सांगितला, मुदत दिली, अहवाल मागवले, आणि समोरचा हललाच नाही तेव्हा आकडे आले.
आपल्याकडचंही उदाहरण आहे. १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांबद्दल सुप्रीम कोर्टाला लिहिलं. कोर्टाने काय सांगितलं? शहराच्या सेशन्स जजने, शक्यतो महिला जजने, अधूनमधून न सांगता कोठड्यांना भेट द्यावी. हुकूम दिल्लीतून, पण डोळ्यांनी बघायचं काम ट्रायल जजकडेच आलं.
एक तोटाही मान्य करतो. वायटची केस २००३ पर्यंत चालली. तेहतीस वर्षं. तोवर जॉन्सन वारलेही होते (१९९९). हक्क एका दिवसात लिहिता येतो, इमारत नाही.

शिकागोची मावशी
ज्युरीचं कोणी बोलत नाहीये म्हणून मीच बोलते. सेल्माचा मोर्चा संपला त्याच रात्री व्हायोला लिउझो या डेट्रॉइटहून आलेल्या बाईंना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी गोळ्या घातल्या. राज्याच्या कोर्टात कोणालाही शिक्षा झाली नाही. डिसेंबर १९६५ मध्ये फेडरल खटला जॉन्सन यांच्यापुढे. ज्युरी सगळी गोऱ्या पुरुषांची. ज्युरीने निरोप पाठवला, आमचं एकमत होत नाही. जॉन्सन यांनी त्यांना परत आत पाठवलं, पुन्हा विचार करा. शेवटी तिघांनाही दोषी धरलं आणि प्रत्येकी दहा वर्षं, म्हणजे कमालच.
पुढच्याच वर्षी अलाबामातला बायकांना ज्युरीवर न घेण्याचा कायदा त्यांच्या पीठाने रद्द केला. त्याआधी तिथे बाई खून होताना बघू शकत होती, साक्ष देऊ शकत होती, पण निकाल द्यायला बसू शकत नव्हती.

ठाणेकरीण
अहो काय धागा झालाय हा! ह्यांना मोठ्याने वाचून दाखवतेय. पण मंडळी, मूळ प्रश्न: पोरीने तिथे नक्की काय करायचं असतं?

हंट्सविलकर
ठाणेकरीण, सॉरी, भरकटलो. भाची याच वाटेने गेली, तिच्याकडून ऐकलेलं सांगतो.
जजकडे दोन-तीन लॉ क्लार्क असतात, नुकते पास झालेले हुशार लोक. इंटर्न त्यांच्या हाताखाली. दोन्ही बाजूंचे अर्ज वाचायचे, कायदा शोधायचा, टिपण लिहायचं. जज त्यावर लाल पेन फिरवतात. पण मोकळा वेळ मिळाला की कोर्टरूममध्ये जाऊन बसायचं, विशेषतः शिक्षा सुनावतात त्या दिवशी. आरोपीचे आईबाप मागच्या बाकावर असतात. भाची म्हणाली, पुस्तकात शिक्षेचे महिने वाचणं वेगळं आणि आकडा उच्चारल्यावर मागून आलेला आवाज ऐकणं वेगळं. आणि चेंबरमध्ये ऐकलेलं बाहेर एक अक्षर बोलायचं नाही, घरीसुद्धा. तेव्हा तुम्ही फोनवर खोदून विचारू नका.

कज्जेदलाल
फर्मच्या पैशाचं म्हणाल तर, जजच्या चेंबरचा अनुभव असला की फर्मवाले पुढे स्वतः विचारत येतात. साहेबांना सांगा, गुंतवणूक समजा.
जॉन्सन यांनीही वरची खुर्ची धरायची घाई केली नाही. २४ वर्षं ट्रायल कोर्टात. १९७७ मध्ये कार्टर यांनी एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं, रक्तवाहिनीच्या आजारामुळे नाव मागे घ्यावं लागलं. १९७९ मध्ये अपील कोर्टात गेले. पण लोक नाव घेतात ते आधीच्या कामासाठी.

ठाणेकरीण
धन्यवाद! ह्यांचा आता नवा प्रश्न. तहहयात म्हणजे नव्वदीतला जज कोर्टात डुलक्या घेत असेल तर काय करायचं?

भेळभत्ता
झोपेत दिलेल्या निकालावर अपील करता येतं का, हेही विचारा.

कज्जेदलाल
सोय आहे. वय ६५ आणि नोकरी १५ वर्षं झाली की "सीनियर" होता येतं. पगार पूर्ण, काम आपल्या झेपेल तेवढं, आणि जागा रिकामी धरून नवा जज नेमतात. सक्ती मात्र नाही. ब्रुकलिनचे जॅक वाइनस्टीन १९६७ मध्ये नेमले गेले आणि २०२० मध्ये थांबले. वय ९८.

हंट्सविलकर
वाइनस्टीन तरुणच म्हणायचे. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन १९६२ मध्ये केनेडींनी नेमलेले, २०१२ मध्ये वारले तेव्हा वय १०४, आणि तोवर जजच. शेवटी नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसत. लांबणारा खटला आला की वकिलांना आधीच बजावत, संपेपर्यंत मी असेन याची हमी नाही. खुर्ची कशी सोडणार, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, पाय पुढे करून.

तिरकस
हा माणूस मला आवडला. बाकी माझा आक्षेप कायम.

निवृत्त_शिरस्तेदार
आमच्या कोर्टात १०४ वर्षं फक्त दिवाणी दावे टिकतात.